नदीचे सहा कोस आणि माझे चार

माणसाने समुद्र जिंकला तो शिडाच्या बळावर नव्हे, हिशोबाच्या बळावर. हे वाक्य मी वयाच्या चोविसाव्या वर्षी शहागडच्या शाळेत फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं आणि दोन दिवस कुणाला पुसू दिलं नव्हतं. समुद्र तोवर मी पाहिलेला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही. शीड मात्र पाहिलं होतं. आमच्या घाटावर गोदावरी ओलांडणारी जी एकुलती नाव होती, तिला थंडीच्या दिवसांत दोन जुनी जाजमं एकत्र शिवून शीड म्हणून लावत.

त्या नावेच्या नावाड्याचं मी जे केलं ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे. थोडक्यात असं: घाटावर नाव चालवण्याचा हक्क त्याच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या होता, माझ्या एका कागदामुळे तो गेला, आणि कागद चुकीचा आहे हे मला कळलेलं असताना मी गप्प बसलो. बाकी सगळा तपशील आहे. तपशिलात लपायची मला सवय असल्यामुळे मुद्दा आधीच सांगून टाकला.

त्या वेळी आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. मी प्राथमिक शाळेत गणित आणि भूगोल शिकवत असे. भूगोलाचं एकच पुस्तक सरकारातून येई, आणि त्यात आमचं गाव नव्हतं. त्यामुळे वाचायला जे मिळेल ते मी वाचत असे. एकदा सुट्टीत जालन्याला गेलो असताना एका मारवाडी किराणा दुकानदाराकडे रद्दीचा ढीग दिसला. छावणीतला कुणी गोरा अधिकारी विलायतेला परतताना पुस्तकं टाकून गेला होता. त्यांची पानं फाडून दुकानदार जिऱ्याच्या पुड्या बांधत होता. त्या ढिगातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मी उचललं. शिडाच्या जहाजाचा प्रवास कसा आखावा, जहाज ताशी किती चालेल असं धरावं, वारा किती वेळ साथ देईल, भरती-ओहोटी किती वाट खाऊन टाकेल, आणि अमुक बंदरात आपण किती वाजता पोचू, याचं ते पुस्तक होतं.

दुकानदाराने मुखपृष्ठावरचं जहाज बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तरजी, ही तर जहाजाची किताब. तुमच्याकडं जहाज कुठं?"

"नदी आहे," मी म्हटलं.

"ती उन्हाळ्यात म्हशी चालत ओलांडतात," तो म्हणाला, आणि पुस्तक तागडीत टाकलं.

त्या पुस्तकात एक प्रकरण होतं. कच्चा नावाडी आपल्या नावेचा सगळ्यात चांगल्या दिवसाचा वेग धरतो आणि त्यावर हिशोब करतो, शहाणा नावाडी नेहमीच्या दिवसाचा वेग धरतो आणि किनाऱ्यावरच्या माणसांना वेळ सांगत नाही, असं त्यात होतं. ते प्रकरण जिऱ्याच्या पुड्यांत गेलं होतं असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत असे. ते खोटं आहे. प्रकरण जागेवर होतं. मी ते दोनदा वाचलं होतं आणि मला ते भित्र्या माणसाने लिहिल्यासारखं वाटलं होतं.

दोन वर्षांनी, निजामी सालाच्या दै महिन्यात, म्हणजे दिवाळीनंतर, जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर निघाले. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि नदीकाठची काळी माती अजून गाडीचं चाक सोडायला तयार नव्हती. साहेबांचा एक मुक्काम आमच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्याच एका गावात होता. तिथून शहागडला यायला रस्ता नव्हता. मग ठरलं की साहेब नावेतून येतील. नदी उगवतीकडे वाहते, त्यामुळे साहेबांना पाण्याच्या उलट यायचं होतं. पण थंडीत उगवतीचं वारं सुटतं आणि शीड लावलं तर नाव वर चढते. एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

तहसील कचेरीतून एक पेशकार, म्हणजे साहेबांचे कागद सांभाळणारा कारभारी, आला. हा मनुष्य जेवणाच्या आधी हात धुताना सुद्धा वेळ टिपून ठेवी. चावडीत पाटील, पेशकार आणि गावातले चारदोन मानकरी बसले आणि नावाड्याला बोलावलं. मी शाळेचा एकमेव मास्तर म्हणून कोपऱ्यात होतो.

"सकाळी आठला तिथून निघालास तर इथं कधी पोचशील?" पेशकाराने विचारलं.

नावाडी पन्नाशीचा होता. खांदे एवढे रुंद की चावडीच्या दारातून तिरका होऊन आत आला होता. त्याने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"दिवस कलायला लागला की येतो जी."

"दिवस कलायला लागला म्हणजे किती वाजता?"

"वाजायचं मला न्हाई ठावं. वारं कसं हाय त्येच्यावर हाय."

"सरकारी तख्त्यात वारं लिहिता येत नाही," पेशकार म्हणाला. "कमान, वाजंत्री, हार, सलामी, सगळं वक्तावर लागतं. मला तास आणि मिनट पाहिजे."

कुणी मला विचारलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मी काढून देतो."

हे वाक्य मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो एखाद्या आरमाराच्या सरदाराचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी मी घाटावर गेलो. नावाड्याला मी मामा म्हणत असे आणि त्याच्या बायकोला मामी. मामी झोपडीपुढे जाळं विणत बसली होती. मला पुस्तकातल्याप्रमाणे एक लांब दोरी हवी होती. तिला ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला फळी बांधून ती पाण्यात सोडायची, आणि ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सरकतात ते मोजायचं. त्यावरून नावेचा वेग निघतो. हे सगळं मी मामीला समजावून सांगितलं.

"काय करून राह्यले मास्तर, मला काय बी कळंना," ती म्हणाली. "गाठी मारायच्या आन् जाळं न्हाई करायचं?"

"जाळं नको. यात मासा धरायचा नाही, वेग धरायचा आहे."

"धरा बापा. घरी कालवणाला पुरंल येवढा धरा."

पण गाठी तिने मारून दिल्या, माझ्या वितीने मोजून, एकसारख्या. पेशकाराने आपलं खिशातलं घड्याळ मला मोठ्या उपकाराने दिलं होतं. घाटासमोर नदीचा मोठा डोह आहे. तिथे पाणी हलतं की नाही हे बघायला गवताची काडी टाकावी लागते. सकाळची वेळ, वारं उगवतीचं, भरपूर. नाव रिकामी. मामाने शीड चढवलं आणि नाव डोहातून अशी निघाली की मला स्वतःचा अभिमान वाटला, जणू वारा मीच सोडला होता. आम्ही तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. उत्तर तीनदा तेच आलं की ते बरोबर असतं, असं मी मुलांना शिकवत असे.

परत येताना मी वही काढली.

"मामा, ते खालचं गाव इथून किती कोस?"

"कंच्या बाजूनं?"

"कंच्या बाजूनं म्हणजे?"

"जायाचं का यायाचं? जायाचं आसंल तर चार. यायाचं आसंल तर सहा."

मी हसलो. नुसता हसलो नाही, वल्हं खाली ठेवायला लावून मी त्याला शिकवलं. गाव तेच, नदी तीच, घाट तोच. मग जाताना चार आणि येताना सहा कसे होतील? हे वरचे दोन कोस कुठून आले?

"पान्यातून," तो म्हणाला.

"आणि तुम्ही कोस मोजता कशाने?"

"वल्हवता वल्हवता दम लागला की टेकायचं. एक चिलीम वढायची. ह्या चिलमीपासून त्या चिलमीपतूर एक कोस. माझा बाप बी तसंच मोजायचा."

"म्हणजे साधारण तासभर?"

"आसंल. घड्याळ तुमच्यापाशी हाय."

हे मी वहीत टिपून घेतलं. खाली लिहिलं: 'अडाणी समजुतीचा नमुना. पोरांना सांगणे.' मग पटवाऱ्याकडे जाऊन नकाशा मागितला, नदीच्या वळणांवर सुतळी फिरवली, आणि ती मोजपट्टीला लावली. चार कोस भरले. नकाशात पाणी स्थिर असतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. चार कोसांना डोहातल्या वेगाने भागलं. तीन तास आले. आठला निघाले की अकराला घाट.

तख्ता, म्हणजे वेळापत्रक, मी लाल आणि काळ्या शाईत तयार केला. वाटेतलं प्रत्येक वळण, प्रत्येक मोठं झाड, आणि त्याच्यापुढे तास आणि मिनिटं. नऊ वाजून दहा मिनिटे, वाकडी बाभूळ. दहा वाजून पंचवीस मिनिटे, दोन खडक. मराठी प्रत मी लिहिली, उर्दू पेशकाराने. तो इतका खूश झाला की त्याने खाली माझं नाव लिहायची परवानगी दिली. चावडीच्या भिंतीवर तो लावण्याआधी नावाड्याचा अंगठा पाहिजे होता.

मामाने कागदाकडे बराच वेळ पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण लाल शाई त्याला कळत होती.

"मास्तर, ह्ये बराबर हाय ना?"

"बिलकुल बराबर."

दाराबाहेरून मामी म्हणाली, "सहाचे चार कुनी केले वं?"

"गप. मास्तरानं मापलंय," मामा म्हणाला, आणि अंगठा उठवला.

ठरल्या दिवशी तो आणि त्याचा भाऊ नाव घेऊन आदल्या दुपारीच खाली गेले होते. सकाळी दहालाच सगळं गाव घाटावर. केळीच्या खांबांची कमान, तिच्यावर झेंडूच्या माळा, एका बाजूला हलगी आणि सनई, दुसऱ्या बाजूला माझी मुलं, धुतलेल्या टोप्या घालून ओळीत. सलामीचं उर्दू गाणं मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. मलाही पुरता माहीत नव्हता.

अकरा वाजले. पेशकार घड्याळ बघून माझ्याकडे बघून हसला. मी नदीच्या वळणाकडे हात केला, जणू आता पडदा वर जाणार. वळणावर एक बगळा होता.

साडेअकराला हारांवर पाणी शिंपडलं. बाराला सनईवाल्याने सनई पोत्यात गुंडाळली. पाटलांनी विचारलं, "मास्तर, सायेब कुठल्या झाडापाशी आसतील आता?" त्यांनी ते थट्टेने विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर वाटत होतं की तख्त्यात बघून मला ते सांगता येईल.

मी तख्त्याऐवजी वही काढली. हातांना काहीतरी काम हवं म्हणून. पान उघडलं ते नेमकं चिलमीचं निघालं. ह्या चिलमीपासून त्या चिलमीपर्यंत एक कोस, साधारण तास. येताना सहा. सहा चिलमी, सहा तास. माणूस अंतर सांगत नव्हता. तो मला सरळ वेळ सांगत होता. त्याच्या सहा कोसांत पाण्याचा जोर, वारं पडणं, हात दमणं, सगळं आधीच धरलेलं होतं. इंग्रजी पुस्तकाने जे करायला चारशे पानं घेतली होती ते त्याने एका आकड्यात बांधून माझ्या हातात दिलं होतं, आणि मी तो आकडा हसून खोडला होता.

आठ आणि सहा, चौदा. नाव दोन वाजता येणार होती.

तेव्हा सव्वाबारा झाले होते. माझ्या आयुष्यात मी केलेला तो पहिला बरोबर हिशोब, आणि तो मी कुणालाही सांगितला नाही. सांगितला असता तर पेशकाराने लोकांना सावलीत पाठवलं असतं, मुलांना भाकरी खाऊ दिली असती. आणि महत्त्वाचं म्हणजे, नाव येण्याआधी सगळ्यांना माहीत असतं की चूक तख्त्याची आहे. पावणेदोन तास होते माझ्यापाशी. मी मुलांच्या टोप्या सरळ करत राहिलो.

दोन वाजून गेल्यावर काही मिनिटांनी नाव वळणावर दिसली. वारं कधीच पडलं होतं. जाजमांचं शीड काठीला ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. मामाचा भाऊ बांबू रोवत होता आणि मामा स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून दोरीने नाव ओढत होता. साहेब छत्रीखाली, डोळे मिटून. हलगीवाला घाबरून एकदम सुरू झाला, सनई पोत्यातून निघेना, आणि माझ्या मुलांनी सलामीचं गाणं मधल्या कडव्यापासून म्हटलं.

साहेब घाटावर उतरले. हार घेतला नाही. पेशकाराकडे पाहून म्हणाले, "कागज पे ग्यारह लिखा है. अब कित्ते बजे?"

"हुजूर, तख्ता बराबर है. मास्टरसाब ने घडी लगाके नापा है," पेशकार म्हणाला आणि मला बाहीला धरून पुढे केलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांचा आवाज उलट सौम्य होता.

"हिसाब आपका ठीक है?"

मला बोलायला वेळ मिळाला नाही असं नाही. खूप वेळ मिळाला. एवढा की मला नदीचा आवाज ऐकू आला, आणि पाठीमागे मुलांपैकी कुणाचं तरी पोट गुरगुरलेलं. मग पाण्यातून आवाज आला. मामा अजून दोरी धरून गुडघाभर पाण्यात उभा होता. हाताचे तळवे सोललेले.

"कागद बराबर हाय हुजूर. मीच हळू आलो. वारं पडलं, मंग हात चालंना."

तो कुणाला वाचवत नव्हता. त्याला तसं खरंच वाटत होतं. मी मापलं होतं, लाल शाईत लिहिलं होतं, बिलकुल बराबर म्हणालो होतो. तेव्हा कमी पडला तो त्याचा हात.

साहेबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खाली-वर. एकदाच.

महिन्याभरात हुकूम आला. घाटावरची नाव पैलतीरावरच्या दुसऱ्या माणसाला दिली. त्याच पंधरवड्यात मलाही एक हुकूम आला. हिशोबात तरबेज शिक्षक म्हणून माझी बदली जालन्याच्या मोठ्या शाळेत, बढतीवर. मी गेलो. नको म्हणायचं माझ्या मनात आलं होतं असं लिहायला आवडलं असतं.

नाव गेल्यावर मामाच्या घराला मिळणारं धान्य गेलं. घाटावरून जाणारं प्रत्येक घर नावाड्याला वर्षाला पायलीभर ज्वारी देई, ती आता दुसऱ्याच्या दारी जाऊ लागली. नदी आटली की तो वाळूत दुसऱ्याच्या खरबुजांच्या वाडीवर राबे. चैत्रात खरबुजांच्या गाडीबरोबर तो जालन्याच्या बाजारात येई आणि न चुकता माझ्या घरी येई. दारात उभा राही. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसे.

"मास्तर, तुमचा कागद मी खोटा पाडला," तो म्हणे. "चार मान्सांत तुमची मान खाली गेली. मला लई वाईट वाटतं बघा."

"जाऊ द्या मामा. जुनी गोष्ट."

"न्हाई, न्हाई. तुमी येवढं मापून दिल्तं."

आणि एक खरबूज ठेवून जाई. दर वर्षी. मी ते खात असे. गोड असे, हेही सांगायला हवं. जालन्याच्या शाळेत मी मुलांना वेग, वेळ आणि अंतराची गणितं शिकवत असे, आणि नावेचं गणित आलं की ते गाळून आगगाडीचं देत असे.

अशी दहा वर्षं गेली. मग अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि राज्य बदललं. त्या हिवाळ्यात ज्याला त्याला आपल्यावरचे जुने अन्याय आठवू लागले. कचेऱ्यांपुढे अर्ज लिहिणाऱ्यांची रांग असे. ज्यांनी कालपर्यंत कमानी उभारल्या होत्या तेही आपण कसे छळले गेलो ते लिहून देत होते. माझे एक सहकारी मला म्हणाले, "तुम्ही काही अर्ज करत नाही?" मी म्हणालो, माझ्यावर अन्याय झालेला नाही. हे बोलताना माझी जीभ जरा अडखळली, आणि दुसऱ्या रविवारी मी मोटारीत बसून शहागडला गेलो.

मामा झोपडीपुढे उन्हात बसला होता. खांदे तेवढेच रुंद, पण आता त्यांच्यावर काही नव्हतं. मामी शेंगा सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं.

"मामा, तो कागद चुकीचा होता."

"कंचा कागद?"

"नावेचा. तुमचे सहा कोस बरोबर होते. मी चार धरले ते चूक."

तो हसला. मी कधी काळी डोहात हसलो होतो तसाच, समजूत घातल्यासारखा. "मास्तर, तुमी मापलं व्हतं."

"डोहात मापलं होतं. डोहात पाणी वाहत नाही. नदीत वाहतं."

हे त्याला लगेच कळलं. नावाड्याला कळायला किती वेळ लागणार? त्याने हाताचे तळवे उलटून पाहिले.

"मंग त्या दिवशी मी वेळेवर आल्तो?"

"अगदी वेळेवर."

"ऐकलं का गं," तो बायकोला म्हणाला. "मी वेळेवर आल्तो."

"मला ठावं हाय," मामी म्हणाली. शेंगा सोलणं थांबलं नव्हतं. "धा वर्सं झाली, मी सांगून राह्यले. तुमाला पटंना." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमाला कवा कळलं?"

हा प्रश्न मी सगळ्या वाटेने मोटारीत टाळत आलो होतो.

"त्याच दिवशी."

"नाव लागल्यावर?"

"नाही. आधी."

"किती आधी?"

"सव्वाबाराला."

ती उठली. शेंगांचं सूप तिथेच राहिलं. ती आत गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही. मामाने आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो म्हणेल, बाईमाणूस आहे, मनावर घेऊ नका. तो तसं काही म्हणाला नाही. सुपातल्या शेंगा त्याने पुढे ओढल्या आणि तो स्वतः सोलू लागला. दोनतीन शेंगा झाल्यावर, वर न बघता, तो म्हणाला, "आता समदे अर्ज करून राह्यले म्हनं."

"नावेसाठी अर्ज लिहून देतो मी. माझी चूक कबूल करून, सही करून. हक्क परत मिळेल."

"नाव काय करू? हात वर व्हत न्हाई खांद्याच्या." त्याने हात वर करून दाखवला. खरंच होत नव्हता. "कागद लिवा पन. म्या वेळेवर आल्तो येवढं लिवा. त्येंच्या कागदात म्या उशिरा आलो आसं आसंल ना? त्येच्या शेजारी ह्यो ठिवा म्हनावं."

मी तिथेच अर्ज लिहिला. अर्जदार ठरल्या वेळी, दुपारी दोन वाजता, घाटावर पोचला; तख्त्यातील वेळ चुकीची होती; चूक खाली सही करणाऱ्याची असून ती त्यास त्याच दिवशी ठाऊक होती. हे शेवटचं अर्धं वाक्य लिहिताना मी थांबलो. कोणी मागितलं नव्हतं. मग झोपडीच्या दाराकडे पाहिलं आणि लिहिलं. मी सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला, आत ऐकू जाईल असा. मामाने अंगठा उठवला. या वेळी त्याने बराबर आहे का असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंबडच्या तहसील कचेरीत गेलो. साहेब गेले होते, पेशकार गेला होता, पण दप्तर सांभाळणारा कारकून निजामाच्या काळापासूनचाच होता आणि उर्दू वाचणारा त्या खोलीत तो एकटाच उरला होता. अर्ज वाचून त्याने चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला. "हक्क मागत नाही, रक्कम मागत नाही, मग मागतोय काय?" त्याने विचारलं. मी सांगितलं की त्या हुकमाच्या शेजारी हा कागद ठेवायचा आहे. असा अर्ज त्याच्याकडे पहिल्यांदाच आला होता. तो मनाने बरा असावा, कारण तो उठला आणि धूळ झटकून जुना बस्ता सोडू लागला.

हुकूम सापडला. त्याने तो वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगितला: नावाड्याच्या सुस्तीमुळे हुजुरांचा तीन तासांचा मोलाचा वेळ वाया गेला, सबब नाव काढून घेण्यात येत आहे. हुकमाला त्या दिवसाचा दौऱ्याचा कार्यक्रम टाचलेला होता. अर्ज नेमका कुठे लावायचा हे बघण्यासाठी कारकुनाने तोही वाचला. अकरा वाजता शहागड घाटावर आगमन आणि स्वागत. साडेअकरा ते सायंकाळी सहा, आराम.